स्मार्टवॉच

स्मार्टवॉच : मनगटावर बांधायचा छोटा संगणक. वेळ दाखवण्याखेरीज मोबाइलवर आलेले फोन व संदेश कळवणे, नाडीचे ठोके आणि पावले मोजणे, झोपेची नोंद ठेवणे, रस्ता दाखवणे व संकटात मदत मागणे ही कामे त्याच्याकडून करून घेता येतात. बहुतेक स्मार्टवॉच ब्लूटूथने मोबाइलशी जोडलेली असतात आणि मोबाइल दूर गेला की त्यांची निम्मी कामे थांबतात. काही महाग प्रकारांत स्वतःचे ई-सिम असते. त्यांना मोबाइल जवळ लागत नाही. फिटनेस बँड, स्मार्ट अंगठी, वायरलेस इअरबड आणि कॅमेरा बसवलेले चष्मे ही याच कुळातली उपकरणे होत.

इतिहास : जपानच्या सेको कंपनीचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ 1969 च्या डिसेंबरात आले आणि घड्याळात इलेक्ट्रॉनिक्स रुजू लागले. अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने 1972 मध्ये पल्सर हे लाल आकडे उजळणारे घड्याळ विकायला काढले. 1980 नंतरच्या दशकात सेको आणि कॅसिओच्या घड्याळांत फोन क्रमांक साठवता येऊ लागले. टायमेक्स आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या 1994 च्या डेटालिंक घड्याळाची युक्ती विलक्षण होती : संगणकाच्या पडद्यावर पट्ट्या लुकलुकत, त्यांच्यासमोर घड्याळ धरले की त्यातला प्रकाशसंवेदक त्या वाचून भेटींच्या वेळा आणि फोन क्रमांक उतरवून घेई. पुढे आयबीएम आणि सिटिझन यांनी लिनक्सवर चालणारे घड्याळ बनवले. मायक्रोसॉफ्टने 2004 मध्ये एफएम लहरींवरून बातम्या व हवामान मनगटावर पोचवण्याचा प्रयत्न केला. हे शेवटचे दोन प्रयत्न फार टिकले नाहीत. बॅटरी लवकर संपे आणि माहिती आणायला सोयीचा मार्ग नसे.

ती अडचण दोन गोष्टींनी दूर झाली. इंटरनेट असलेला मोबाइल खिशोखिशी पोचला आणि 2010 च्या ब्लूटूथ 4.0 मुळे अगदी थोड्या विजेवर त्याच्याशी सतत जोडलेले राहणे शक्य झाले. 2012 मध्ये पेबल या घड्याळासाठी किकस्टार्टर या लोकांकडून निधी जमवणाऱ्या संकेतस्थळावर लोकांनी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ भरली. सॅमसंगचे गॅलॅक्सी गिअर 2013 मध्ये, गूगलची अँड्रॉइड वेअर प्रणाली 2014 मध्ये आणि ॲपल वॉच एप्रिल 2015 मध्ये बाजारात आले. ॲपलने आरंभी सोन्याच्या केसमधले, दहा हजार डॉलरपासून पुढच्या किमतीचे घड्याळही विकले. दीड वर्षातच ते बंद झाले. त्यानंतर या कंपनीने, आणि मागोमाग इतरांनीही, सगळा भर आरोग्यावर दिला. स्मार्टवॉचला कायमची जागा मिळाली ती यामुळे. पेबल कंपनी मात्र 2016 अखेर बंद पडली.

भारतात टायटनने एचपीच्या साहाय्याने 2016 च्या आरंभी जक्स्ट हे घड्याळ आणले. खरा प्रसार झाला तो नॉइज, बोट, फायर-बोल्ट या देशी ब्रँडांच्या दीड ते तीन हजार रुपयांच्या घड्याळांमुळे. काउंटरपॉइंट या बाजारसंशोधन संस्थेच्या गणनेनुसार 2022 च्या तिसऱ्या तिमाहीत नगसंख्येच्या हिशेबाने भारत जगातील सर्वांत मोठी स्मार्टवॉच बाजारपेठ ठरला. 2024 मध्ये विक्री घसरली. स्वस्त घड्याळांच्या खोक्यांवर सुविधांची लांबलचक यादी छापलेली असे, त्यांतल्या मोजक्याच विश्वासाने चालत. ज्यांनी पहिले घेतले त्यांतल्या अनेकांना दुसरे घ्यावेसे वाटले नाही.

मापन कसे होते : घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे आणि प्रकाशसंवेदक असतात. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालच्या रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, त्या क्षणी परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारावरून ठोके मोजले जातात. म्हणून पट्टा सैल असला, हात गार पडला असला, गोंदण असले किंवा हात जोरात हलत असला की आकडा चुकतो. बांगड्यांच्या मागेपुढे सरकणारे घड्याळही याच कारणाने चुकते. ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, कातडीला टेकेल इतपत घट्ट बांधावे. स्वस्त घड्याळ पारखायची एक सोपी रीत आहे : ते एखाद्या निर्जीव वस्तूला गुंडाळून बघावे. काही घड्याळे तिथेही नाडी दाखवतात, कारण क्षीण व गोंधळलेल्या संकेतातूनही काहीतरी आकडा काढायचाच अशी त्यांची रचना असते.

रक्तातील ऑक्सिजन मोजायला लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी 1974 च्या सुमारास शोधलेल्या तत्त्वावर रुग्णालयातील बोटाला लावायचा ऑक्सिमीटर चालतो. बोटाच्या टोकात प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो परतून यावा लागतो, म्हणून संकेत दुबळा असतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की रुग्णालयातील ऑक्सिमीटरकडूनसुद्धा कृष्णवर्णीय रुग्णांतील ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटते. सावळ्या कातडीच्या वाचकाने हे ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटर मिळेनात तेव्हा अनेक घरांत घड्याळाच्या आकड्यावर भिस्त ठेवली गेली. तो आकडा त्या कामासाठी कधीच पुरेसा नव्हता.

काही घड्याळांत हृदयाचा विद्युत आलेख काढता येतो. एक विद्युतध्रुव मनगटाला टेकलेला असतो, दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या किल्लीला वा कडेला लावून सुमारे 30 सेकंद बसायचे. यातून एकाच दिशेने पाहिलेला आलेख मिळतो. रुग्णालयात असे बारा आलेख काढतात. घड्याळाच्या आलेखातून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, ओळखता येते. पक्षाघाताचा धोका वाढवणारा हा विकार पुष्कळदा कोणतीही जाणीव न होता येतो-जातो, त्यामुळे ही सोय खरोखर मोलाची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ॲपल हार्ट स्टडीत 4,19,297 लोकांनी भाग घेतला, त्यांतल्या 0.52 टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना गेली. त्यांपैकी ज्यांनी छातीवर चिकटवायची पट्टी लावून फेरतपासणी केली, त्यांतल्या 34 टक्क्यांत हा विकार सापडला. उरलेल्यांत तो नव्हता असे त्यावरून म्हणता येत नाही, कारण पट्टी नंतर लावली गेली आणि विकार अधूनमधून येणारा आहे. हृदयविकाराचा झटका मात्र या घड्याळाला ओळखता येत नाही. छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला, तर घड्याळाकडे बघत बसू नये. 108 ला फोन करावा.

पावले मोजायचे काम त्वरणमापक नावाची सूक्ष्म चिप करते. तिला पाय दिसत नाहीत, हाताची लय कळते. पोळ्या लाटताना किंवा टाळ्या वाजवताना पावले वाढतात, तर दोन्ही हातांत पिशव्या धरून मंडईतून फिरताना कमी भरतात. दिवसाला दहा हजार पावलांचे उद्दिष्ट वैद्यकातून आलेले नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने पावले मोजायचे यंत्र ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाच्या नावाने विकले, तेव्हापासून तो आकडा चिकटला आहे. वयस्क स्त्रियांवरील 2019 च्या एका अमेरिकी अभ्यासात साडेचार हजारांच्या आसपास पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण कमी दिसू लागले आणि साडेसात हजारांनंतर फायदा वाढायचा थांबला. सत्तरीतल्या आजींनी दहा हजारांचे ओझे मनावर घ्यायचे कारण नाही.

खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा सर्वांत कच्चा. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली सात उपकरणे तपासली गेली : सहांचे नाडीमापन पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने बरोबर आले, पण कॅलरींत सर्वांत चांगले उपकरणही सरासरी 27 टक्के चुकले. या आकड्याच्या भरवशावर जेवण ठरवू नये. झोपेचे एकूण तास बऱ्यापैकी बरोबर येतात, गाढ आणि हलकी झोप यांची वाटणी ढोबळ असते.

रक्तातील साखर सुई न टोचता मोजणारे एकही घड्याळ वा अंगठी आपण मान्य केलेली नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर करून लोकांना सावध केले. तरी तशी जाहिरात असलेली घड्याळे विकली जातात. ही फसवणूक जिवावर बेतू शकते : चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन घेणारा माणूस बेशुद्ध पडू शकतो. दंडावर चिकटवलेल्या, कातडीखाली बारीक तंतू गेलेल्या संवेदकाचा आकडा घड्याळावर दिसणे ही निराळी गोष्ट. तिथे मोजतो तो संवेदक, घड्याळ फक्त दाखवते.

रोजचा उपयोग : खोक्यावरच्या यादीत ज्यांना शेवटची जागा असते त्याच सोयी रोज कामाला येतात. मनगटावर थरथरणारा गजर शेजारी झोपलेल्याला उठवत नाही आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना उठवतो. हात कणकेने भरलेले असताना कुणाचा फोन आहे ते कळते. लोकलच्या गर्दीत मोबाइल खिशातून काढावा लागत नाही. घरात कुठेतरी ठेवलेला मोबाइल वाजवून शोधता येतो. पुण्या-मुंबईत एकटे राहणारे आईवडील आणि परदेशात स्थायिक झालेली मुले अशी घरे महाराष्ट्रात आता पुष्कळ आहेत; त्यांच्यासाठी पडल्याचे ओळखणारे घड्याळ सर्वांत उपयोगी. जोरात पडून माणूस मिनिटभर हलला नाही, तर असे घड्याळ आपत्कालीन सेवेला फोन लावते आणि ठरवलेल्या नातेवाइकांना ठिकाण कळवते. स्वस्त घड्याळांतील एसओएस बटण बहुधा जवळच्या मोबाइलवर अवलंबून असते. न्हाणीघरात पडलेल्या माणसाचा मोबाइल दिवाणखान्यात राहिला आणि जोडणी तुटली, तर ते निरुपयोगी ठरते. विकत घेताना हे दुकानात तपासून घ्यावे. मराठी संदेश देवनागरीत दिसतात की नुसते चौकोन येतात, हेही तिथेच पाहून घ्यावे.

मनगटावरच्या उपकरणाने मोबाइलची जागा घेण्याचा हट्ट धरला नाही, म्हणूनच ते टिकले. ह्यूमेन कंपनीची 699 डॉलरची, कपड्याला लावायची एआय पिन मोबाइलला पर्याय म्हणून एप्रिल 2024 मध्ये आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. याउलट मुख्यतः झोप आणि नाडीवर लक्ष ठेवणाऱ्या स्मार्ट अंगठीला स्थिर ग्राहक मिळाला.

निगा आणि मर्यादा : ‘5 एटीएम’ हा शिक्का प्रयोगशाळेतील स्थिर पाण्याच्या दाबाचा आहे, पन्नास मीटर खोल बुडी मारण्याचा परवाना नाही. साबण आणि गरम वाफ यांनी रबरी सील खराब होतात. समुद्रात डुंबून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. आतली लिथियम बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि बहुतेक स्वस्त घड्याळांत ती बदलून मिळत नाही. निकामी घड्याळ घंटागाडीत टाकू नये, ई-कचरा संकलनात द्यावे.

नाडी, झोप आणि फिरण्याच्या वाटा यांची नोंद कंपनीच्या संगणकावर जाते. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर, सैनिक त्यात धावण्याच्या नोंदी ठेवत असल्यामुळे, लष्करी तळांची रूपरेषा उमटल्याचे जानेवारी 2018 मध्ये उघड झाले. भारतात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला आहे, तरी ॲप मागेल ती प्रत्येक परवानगी देण्याची गरज नसते.

घड्याळातला एखादा सुटा आकडा फारसे सांगत नाही. विश्रांतीच्या वेळची नाडी आठवड्यामागून आठवडे चढत गेली, तर ती नोंद डॉक्टरांना दाखवण्याजोगी असते. मात्र त्यावरून औषधाची गोळी स्वतःहून वाढवू नये, कमी करू नये आणि थांबवूही नये.