माद्रिदच्या हॅटचा काठ

लोकरी हॅटचा काठ घरच्या घरी वळवायला किटलीची वाफ पुरते. नाटकांच्या वेशभूषेचं काम करता करता मी हे शिकले. काठाचा थोडा थोडा भाग वाफेवर धरायचा, मऊ पडला की हवा तसा मुडपायचा आणि गार होईपर्यंत हाताने दाबून ठेवायचा. या हॅटची लोकर विणलेली नसते. आपल्याकडच्या बुरणुसासारखी ती ओली करून, घासून जमवलेली असते. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकून बसतात. ऊब आणि ओल मिळाली की तंतू सैलावतात, गार होताना नव्या आकारात स्थिरावतात. वळवलेला काठ पुन्हा वाफ देऊन सरळही करता येतो. मला या कामातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

अठराव्या शतकातली युरोपातली तिकोनी हॅट चित्रांत वेगळीच वस्तू वाटते. मुळात ती रुंद काठाची गोल हॅटच. काठ तीन बाजूंनी वर घ्यायचा, टाक्यांनी किंवा दोरीने डोक्याच्या भागाला अडकवायचा, की झाली तिकोनी. टाके उसवले की काठ पुन्हा चेहऱ्यावर उतरतो. 1766 साली माद्रिदमध्ये जे घडलं ते हे ठाऊक असल्याशिवाय नीट कळत नाही.

स्पेनचा राजा कार्लोस तिसरा याचा मंत्री एस्किलाचे हा मूळचा इटलीचा. त्याने माद्रिदचे रस्ते स्वच्छ करायला घेतले, रस्तोरस्ती दिवे लावले. पुरुषांचा लांब झगा आणि खाली उतरलेल्या काठाची हॅट मात्र त्याच्या डोळ्यांत खुपत होती. झग्याखाली शस्त्र लपतं, काठाखाली चेहरा लपतो असलं शहर त्याला नको होतं. 10 मार्च 1766 रोजी हुकूम निघाला: झगा आखूड, हॅट तिकोनी. मोडणाऱ्याला दंड किंवा तुरुंग. शिपायांबरोबर शिंपी फिरू लागले. माणसाला जवळच्या दारात ओढून तिथल्या तिथे झगा कापायचा, काठ छाटायचा.

23 मार्चला, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, अंतोन मार्तीन चौकात ठिणगी पडली. जमावाने एस्किलाचेच्या घरावर चाल केली, त्याने लावलेले दिवे फोडले. वाटेत भेटणाऱ्यांना थांबवून त्यांच्या हॅटचे काठ खाली करायला लावले. दुसऱ्या दिवशी राजाने महालाच्या सज्जात येऊन मागण्या मान्य केल्या: एस्किलाचेची हकालपट्टी, राजाच्या परदेशी वालून पहारेकऱ्यांची शहरातून रवानगी, धान्य स्वस्त, आणि पेहराव ज्याचा त्याचा. त्याच रात्री राजा माद्रिद सोडून आरान्हुएसला निघून गेला.

दंगा खरा पावासाठी झाला, हॅट हे निमित्त, असं बरेच इतिहासकार मांडतात. भुकेचं कारण मलाही मान्य आहे. 1765 मध्ये धान्याच्या दरावरची मर्यादा उठवली होती, त्यात पिकं वाईट, भाव भडकलेले. पण हॅटला नुसतं निमित्त म्हणणं मला पटत नाही. धान्याचा भाव गरिबाच्या हातात नव्हता. डोक्यावरचा काठ होता. तो किती उतरवायचा, ऊन-पावसात किती, अनोळखी नजरेसमोर किती, हे तो रोज स्वतः ठरवत होता. नवी हॅट घ्यायचीही गरज नव्हती, घरी चार टाके घातले असते तरी हुकूम पाळला गेला असता. तरीही लोकांनी ते टाके घातले नाहीत. आणि कात्रीने छाटलेला काठ किटलीच्या वाफेने परत येत नाही, हे ज्याच्या हॅटवर ती चालली त्याला चांगलं कळलं असणार.

माझं आजोळ सोलापूरचं. 1930 च्या मार्शल लॉमध्ये तिथे गांधी टोपीवर बंदी होती. त्यामुळे डोक्यावरच्या कापडासाठी माणसं इतकी पेटतात का, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

एस्किलाचे गेला. त्याच्यामागून अरांदाचा सरदार कारभारावर आला. त्याने कात्री बाजूला ठेवली, कारागीर-व्यापाऱ्यांच्या संघांना बोलावून समजूत घातली. लांब झगा आणि रुंद काठाची हॅट हा जल्लादाचा पोशाख त्यानेच ठरवून दिला, असंही सांगतात. थोड्याच काळात माद्रिदमध्ये काठ वर गेले, ते लोकांनी आपल्या हातांनी वर घेतले. अरांदाच्या हुशारीचं कौतुक बरंच झालं आहे. मला ते करवत नाही. शिंप्याच्या कात्रीला विरोध तरी करता येत होता. जल्लादासारखं दिसण्याच्या लाजेविरुद्ध कुठल्या चौकात जमायचं?