मिठावरच्या जकातीची कुळकथा

७ डिसेंबर १६७१ या तारखेचं शिवाजी महाराजांचं एक पत्र उपलब्ध आहे. ते गेलं कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना, आणि त्याचा विषय आहे मीठ. बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, तेव्हा घाटावरचे व्यापारी तिकडेच वळतील. संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक उरणार नाही आणि आपली बंदरं ओस पडतील, ही त्यातली काळजी. उपाय सांगितला आहे तो असा, की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी. किती जबर, याचंही माप दिलेलं आहे. संगमेश्वरच्या मिठाचा भाव पाहायचा, बारदेशच्या मिठाचा भाव पाहायचा, आणि मधला फरक भरून निघेल एवढी जकात घ्यायची.

बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे होता. जेमतेम चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, महाराजांची फौज बारदेशात शिरून आली होती. म्हणजे तलवार हाताशी होतीच. तरी मिठाच्या प्रश्नावर तलवार काढली नाही, बारदेशच्या मिठाला बंदीही केली नाही. ते मीठ येऊ दिलं. फक्त आपल्या मिठाच्या भावाला आणून उभं केलं. या पत्रातली ही हिशेबी शिस्त मला फार मोलाची वाटते. परक्या मालावर कर बसवून घरच्या उत्पादकाला सांभाळायचं हे शास्त्र आपण युरोपकडून शिकलो असं सहज बोललं जातं. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं तेव्हा फ्रीडरिख लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा आधार घेतला, तो योग्यच होता. पण लिस्ट जन्मायला शंभरावर वर्षं असताना कोकणातल्या एका सरसुभेदाराच्या दप्तरात तोच विचार भावाच्या फरकासकट नोंदला गेला होता.

हे पत्र दक्षिण कोकणाचं असलं तरी पेण-रोह्याच्या माणसाला ते परकं वाटायचं कारण नाही. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंड्याचा कोट आणि समोर कोर्लई, दोन्ही १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या हातात होते. रोह्याहून समुद्रात उतरणारं गलबत त्या तोफांखालून जायचं. इकडे पेणला भोगावतीच्या खाडीवर अंतोऱ्याचं बंदर, पलीकडे अंबेच्या खाडीवर धरमतर आणि आत नागोठणे. मीठ आणि भात इथून मुंबईला जायचं. बोरघाटाने बैलांच्या पाठीवर मीठ वर चढायचं आणि धान्य खाली उतरायचं. ज्या घाटी व्यापाऱ्याची चिंता पत्रात आहे, त्याचेच भाऊबंद इथल्या वाटांवर होते.

त्या मिठामागचे कष्ट पाहिल्याशिवाय जकातीचा अर्थ नीट कळत नाही. पेणच्या खारेपाटात दिवाळीनंतर बांधांच्या डागडुजीने काम सुरू होतं. पावसाने मऊ पडलेली जमीन पायांनी तुडवून आणि ठोकून इतकी घट्ट करायची, की पाणी खाली मुरता कामा नये आणि चिखल मिठात मिसळता कामा नये. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला उघाडीतून खाडीचं पाणी आत घ्यायचं. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत उन्हावर आटवायचं. पाणी दाट होत जाताना आधी जिप्सम खाली बसतो आणि त्यानंतर मीठ धरू लागतं. नेमक्या वेळी लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर घ्यावं लागतं. पाणी आणखी आटू दिलं तर मॅग्नेशियमचे क्षार उतरतात आणि मीठ कडू होतं. हे सगळं अनवाणी पायांनी, खाऱ्या पाण्यात, डोळे दिपवणाऱ्या उन्हात. मे अखेर राशी गवताने शाकारायच्या आणि मृगाची वाट पाहायची. मिठागरात पिढ्यान्पिढ्या राबलेल्या आगरी कुटुंबांचं वर्ष असं उधाणाला बांधलेलं असे.

या कष्टावर इंग्रजांनी जकात बसवली, आणि ती बसवली उलट्या बाजूने. मुंबई इलाख्यात १८३७ पासून मिठागरातून बाहेर पडणाऱ्या मिठावरच कर आला, मणाला आठ आणे. १८४४ साली अंतर्गत वाहतुकीवरच्या जकाती काढल्या आणि ती तूट भरायला मिठाचा कर रुपयावर नेला. सुरतेत दंगे झाले तेव्हा तो बारा आण्यांवर आला. पुढे तो चढतच गेला. १८८८ ते १९०३ या काळात मणाला अडीच रुपये, म्हणजे चाळीस आणे होता. मीठ पिकवायला मात्र मणामागे मोजके आणे लागत. १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवान्याशिवाय मीठ पिकवणं, साठवणं, हलवणं हा गुन्हा ठरला. पहाऱ्यातली रास वजन करून, कर भरूनच बाहेर पडे. पहारा ठेवणं परवडत नाही अशी लहान मिठागरं सरकारने बंद करवली. कच्छच्या रणाकाठी खाराघोड्याला सरकारी मीठ निघू लागलं, ते रेल्वेने थेट आतल्या मुलखात पोचलं आणि बैलांच्या वाटेवरचं कोकणी मीठ मागे पडलं.

बंगालमध्ये याहून वाईट झालं. लिव्हरपूलच्या बंदरातून निघालेली जहाजं चेशायरचं मीठ भरताड म्हणून भरून कलकत्त्याला आणत, त्यामुळे त्याचं भाडं नगण्य. आयात मिठावर कर होता, पण देशी मिठावरही तेवढाच होता. दोन्हीकडे सारखा कर म्हणजे न्याय, असा युक्तिवाद केला जाई. चूल पेटवून खारं पाणी आटवणाऱ्या बंगाली मलंग्यांपुढे यंत्राने काढलेलं, जवळपास फुकट वाहून आणलेलं मीठ उभं राहिलं. १८६३ पर्यंत सरकारने तिथलं उत्पादनच थांबवलं. बारदेशच्या पत्रात जो फरक मोजून भरायचा हुकूम आहे, तोच फरक इथे जाणूनबुजून उघडा ठेवला गेला.

या कराविरुद्ध मध्यवर्ती कायदेमंडळात १९०२ साली आकडे मांडून उभे राहिले ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. पुढच्याच वर्षी कर अडीच रुपयांवरून दोनवर आला आणि १९०७ पर्यंत रुपयावर. मिठाचा सत्याग्रह आपण १९३० चा म्हणून ओळखतो. दांडी, शिरोडा, वडाळा ही नावं शाळेतच पाठ होतात. गोखल्यांचं ते शांत काम पाठ्यपुस्तकात फारसं येत नाही, याची मला खंत आहे.

सत्याग्रहाच्या धामधुमीतच सरकारने मिठाला संरक्षण दिलं. १९३१ च्या कायद्याने परदेशी मिठावर मणाला साडेचार आणे जादा आयात शुल्क बसलं. ऐकायला हे १६७१ च्या पत्रासारखंच. पण एडन तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होतं, त्यामुळे एडनचं मीठ देशी ठरलं. तिथे इटालियन आणि भारतीय भांडवलदारांची मोठी मिठागरं होती, मीठ पांढरं आणि बारीक होतं, आणि कलकत्त्याला तसंच लागत होतं. जादा शुल्काचा पहिला लाभ तिकडे गेला. पेणच्या जाड, करड्या मिठाला बंगालची बाजारपेठ मुळात नव्हतीच. त्याचं गिऱ्हाईक देशावर आणि मलबारात. जकात आली, संरक्षण हा शब्दही आला, पण खारेपाटातल्या बांधावर काही पोचलं नाही.

त्याआधी, १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने संरक्षण कोणाला द्यावं याच्या तीन कसोट्या घातल्या होत्या: धंद्याला इथे नैसर्गिक अनुकूलता हवी, संरक्षणाशिवाय तो वाढणार नाही असं दिसायला हवं, आणि कालांतराने तो आधाराशिवाय उभा राहील अशी खात्री हवी. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली टॅरिफ कमिशनचा कायदा झाला, तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचं बालपण रोह्यात गेलं. मिठावरचा कर १ एप्रिल १९४७ पासून गेलेला होता आणि काही वर्षांत देश मिठात स्वयंपूर्ण झाला. बहुतेक मीठ आता गुजरातेत पिकतं. कोकणातल्या लहान आगरांना अखेरचा मोठा दणका आयोडीनने दिला: आयोडीन नसलेलं खाण्याचं मीठ विकायला २००६ पासून बंदी आली. गलगंड रोखण्यासाठी तो नियम हवाच होता. पण आयोडीन मिसळायचं यंत्र आणि तपासणी लहान आगराला परवडेल कशी, याची सोय नियमाबरोबर यायला हवी होती.

आरोग्याच्या नियमाचं काम जकातीसारखं कसं होतं, हे अंड्यांच्या धंद्यात उलट बाजूने दिसतं. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. पुढच्या वर्षी भारताने ज्या देशांत तो रोग आढळला त्यांची कोंबडी आणि अंडी बंद केली. अमेरिका तक्रार घेऊन जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि जून २०१५ मध्ये भारत हरला. आपल्या पोल्ट्रीवाल्यांना अंड्यांच्या आयातीला अटकाव हवा असतो, तो रास्त आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मात्र याच धंद्यासाठी केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. त्या दिवसांत क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेलेला सोयाबीनचा भाव नवं पीक येईपर्यंत झपाट्याने उतरला. अंडी पिकवणारा आणि सोयाबीन पिकवणारा, दोघेही देशी उत्पादकच आहेत.

आणि आता पेणच्याच खाडीवर तोच प्रश्न नव्या मालावर उभा आहे. धरमतरजवळ डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, वर्षाला सुमारे एक कोटी टन क्षमतेचा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने सपाट पोलादाच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड शुल्क लावलं. ऑगस्टमध्ये व्यापार उपाय महासंचालनालयाने ते तीन वर्षं ठेवायची शिफारस केली: पहिल्या वर्षी १२, मग ११.५, मग ११ टक्के. स्वस्त परदेशी पोलादाचा लोंढा रोखायला हवा, हे मला मान्य आहे. एवढा मोठा कारखाना आणि त्यावर पोसलेली घरं वाऱ्यावर सोडता येत नाहीत. पण त्याच पत्र्यातून शटर, टाक्या, ट्रॉल्या घडवणारे लहान फॅब्रिकेशनवाले पेणला आहेत, रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीभोवतीही आहेत. पोलादाचा भाव चढला की तो त्यांच्या कच्च्या मालाचा भाव असतो.

या शुल्काच्या चौकशीत सुनावणी होते आणि माल वापरणाऱ्यालाही आपलं म्हणणं लेखी देता येतं. मोठे उत्पादक वकील घेऊन तिथे जातात. लहान कारखानदार बहुधा जातच नाहीत. रायगडमधल्या लघुउद्योजकांच्या संघटनांनी पुढच्या सुनावणीआधी पेण-रोह्यातल्या वर्कशॉपांत फिरून पत्र्याच्या खरेदीचे भाव गोळा करावेत, १६७१ च्या पत्रासारखा फरक आण्या-पैशांत मांडावा आणि तो हिशेब दिल्लीला पाठवावा.