वेढणे आणि पुरणे : सारणभरल्या पोळीचा शब्देतिहास

पोटात काहीतरी भरून तव्यावर भाजलेली पोळी हा घाईच्या वेळचा पदार्थ होय. सकाळची भाजी उरलेली असते, कणीक मळलेली असते. उंडा घ्यावा, त्याची वाटी करून तीत भाजी भरावी, तोंड मिटून हलक्या हाताने लाटावे आणि कडेने तेल सोडून दोन्ही अंगांनी खमंग भाजावे. या पदार्थाचा इतिहास विचारला की सहसा राजवाड्यातील ग्रंथांकडे बोट दाखविले जाते. ते ग्रंथ मोलाचे आहेतच. परंतु त्यांत मेजवानी आहे, न्याहारी नाही. न्याहारीचा पुरावा पुष्कळसा शब्दांतच शोधावा लागतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (सुमारे इ. स. ११२९–३१) अन्नभोगाचे प्रकरण आहे. त्यात मंडक आणि पोलिका हे दोन्ही शब्द येतात. मंडक म्हणजे आपले मांडे. तापलेल्या पालथ्या खापरावर ते भाजण्याची रीत खानदेशात अद्याप टिकून आहे. भरलेल्या पोळीविषयी अधिक नेमकी माहिती सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात मिळते. उडदाची वाटलेली डाळ पोटात भरून केलेल्या गव्हाच्या रोटीस तो ‘वेढमिका’ असे नाव देतो.

हा शब्द संस्कृताचा पोशाख घातलेला देशी शब्द आहे, हे त्याच्या रूपावरूनच कळते. संस्कृत ‘वेष्ट्’ या धातूचे प्राकृतात ‘वेढ’ असे रूप झाले. मराठीतील वेढणे, वेढा ही त्याचीच संतती. अस्सल संस्कृतात ‘ढ’ येण्याचे कारण नव्हते. म्हणजे भावमिश्राने स्वयंपाकघरातील चालू शब्द उचलून त्याला ‘इका’ प्रत्यय जोडला, असे मानावयास हरकत नाही. गुजरातीत पुरणपोळीला वेढमी म्हणतात. मथुरा, आग्रा, दिल्ली या भागांत उडदाची डाळ भरून तळलेली बेडमी आहे. तेथे ‘व’चा ‘ब’ झाला आहे. एक गोड, दुसरी तिखट. एक भाजलेली, दुसरी तळलेली. तरी नाव एकच, कारण नाव सारणाला दिलेले नसून वेढण्याच्या कृतीला दिलेले आहे.

आता मराठीकडे पाहावे. ‘वेढणे’ हे क्रियापद आपल्या नित्य वापरात आहे, परंतु त्यापासून झालेले पदार्थनाम आपण चालविले नाही. आपण त्याच कृतीकडे उलट बाजूने पाहिले आणि ‘पूरण’ म्हणजे भरणे या शब्दावरून नाव घेतले. पुढे भरण्याची क्रिया मागे पडून भरावयाच्या वस्तूस पुरण म्हणू लागले, आणि तीही मुख्यत्वे एकच वस्तू : शिजवून, कट काढून, गूळ घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ. मोदकात आणि करंजीत जाते ते सारण. हा भेद मराठी गृहिणी सहसा चुकत नाही. कोशकारांनी मात्र तो नेहमीच पाळला आहे असे नाही.

मराठीत हे नाव सणाच्या पदार्थाशी बांधले गेले, रोजच्या न्याहारीशी नाही. याचे कारण मला धान्यात दिसते. गव्हाच्या कणकेत ताण असतो, त्यामुळे तिची पारी सारणाभोवती ओढून मिटविता येते. ज्वारीबाजरीच्या पिठात तो ताण नाही. उकळत्या पाण्यात उकड काढली तरी भाकरीचे पीठ सारण वेढून लाटू देत नाही, चिरते. म्हणून ज्या मुलखाचे रोजचे अन्न भाकरी, तेथे घाईचा खमंग पदार्थ भरून होत नाही, मिसळून होतो. थालीपीठ आणि धपाटे हे आपल्याकडील या कुळीचे खरे प्रतिनिधी होत. त्यांत कांदा, मिरची, कोथिंबीर पिठातच जाते. वेढण्याचा प्रश्नच उरत नाही.

पुरणपोळी मूळ कोणाची, कानडी की मराठी, या वादात फारसा अर्थ नाही. तथापि शब्दांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. जुन्या कानडीतील आद्य ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. तेव्हा ‘होळिगे’ हा शब्द पोळीशी जोडावयाचा असेल तर तो त्या बदलापूर्वीच कानडीत असला पाहिजे. तेलुगूतील ‘ओळिग’ हे रूप ‘ह’ गळाल्याचे दिसते, म्हणजे ते कानडीतून गेले असावे. तमिळातील ‘पोळि’मध्ये मात्र ‘प’ शाबूत आहे. तो शब्द कानडी होळिगेवरून गेलेला असणे कठीण. तंजावरास १६७६ ते १८५५ या काळात मराठ्यांचे राज्य होते, हे येथे ध्यानात घ्यावे. शब्द या वाटांनी गेले. पदार्थही त्याच वाटांनी गेला असे यावरून सिद्ध होत नाही.

पराठ्याविषयीही असाच सावधपणा हवा. ‘परत’ आणि ‘आटा’ यांचा हा समास, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. परंतु मग मधला ‘त’ गेला कोठे, आणि ‘ट’चा महाप्राण ‘ठ’ कोठून आला? पंजाबी ‘परौंठा’तील अनुनासिकाचाही तीत उलगडा होत नाही. आलूपराठा तर नावापेक्षा बराच नवा आहे. ‘आलू’ हा शब्द जुन्या ‘आलुक’ या कंदवाचक शब्दावरून आला आणि अमेरिकेतून आलेल्या नव्या कंदास लावला गेला; म्हणून हिंदीत तो पदार्थ प्राचीन भासतो. मराठीने पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ तसाच ठेवला, त्यामुळे आपल्याकडे त्याचे परकेपण नावातच दिसते.

खुद्द ‘पोळी’ या शब्दाची सीमारेषा अजून नीट आखावयाची आहे. पुण्याच्या पांढरपेशा घरात पोळी म्हणजे रोजची साधी पोळी. कोल्हापूरकडे रोजची ती चपाती. ‘आज पोळ्या आहेत’ म्हटले की पुरणाच्या, हे सांगावे लागत नाही. जेथे गहू सणालाच दिसे, तेथे पोळी हा शब्द सणालाच चिकटून राहिला असावा. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हे दोन शब्द, आणि त्यांच्या जोडीने उंडा, पारी, सारण, पुरण हे चार, चुलीजवळ बसून टिपून आणावेत. बोलणारीची जात, तिचे माहेर आणि घरातील रोजचे धान्य यांची नोंद त्या शब्दांशेजारीच करावी.