अपोल-१ जनुक
मूत्रपिंडविकाराशी निगडित मानवी जनुक. स्थान २२ व्या गुणसूत्रावर. त्याच्या जी-१ व जी-२ या रूपांमुळे आफ्रिकी वंशाच्या लोकांत मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढतो, हे २०१० मध्ये उघड झाले.

हीच रूपे आफ्रिकी निद्रारोगाच्या परजीवीशी लढायला मदत करतात; म्हणून निसर्गनिवडीत ती टिकली, असे मानतात. धोका मुख्यतः आई-वडील दोघांकडूनही असे रूप मिळालेल्यांना. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांत असे सुमारे १३ टक्के लोक आहेत. त्यांतील बहुतेकांची मूत्रपिंडे मात्र शाबूत राहतात.

जनुकचाचणीमुळे रक्तदाब आणि लघवीतील प्रथिनांवर वेळीच लक्ष ठेवता येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत इनॅक्साप्लिन या औषधाने १३ आठवड्यांत लघवीतून जाणारी प्रथिने सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटली.