देवळालीच्या मास्तरांची वजाबाकी

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ (२०२४) या पाठ्यपुस्तकात एका मराठी शाळामास्तरांचे कोडे आले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षक होते. डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेमलो’ हे स्थानकाचेच नाव दिले. असा रसिक माणूस!

१९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ही संख्या मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि हेच पुन्हा करीत जावे. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येते. गंमत अशी, की १९४९ हे सालच घेतले तर पुरी सात पावले लागतात: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४.

आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी या कामाला करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. दशमान पद्धत सोडली की ६१७४ चे वैशिष्ट्य उरत नाही, हा आक्षेप खराच आहे. परंतु प्राथमिक वर्गात शिकवायचे असते ते नेमके दशमान पद्धतीतील स्थानमूल्यच! प्रत्येक वजाबाकी म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाची ९९९ पट, अधिक मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट. १९४९ साठी ८ × ९९९ + ५ × ९० = ८४४२. म्हणजे हजारो संख्यांची चौकशी फरकांच्या अवघ्या ५४ जोड्यांवर येते. हे ‘का’ सहावीतल्या मुलाच्याही आवाक्यातले आहे. केवळ जादू दाखवून थांबणारा शिक्षक अर्धाच धडा शिकवतो.

येथे रायपुरात तिसरीच्या वर्गाला तीन अंकी खेळ द्यावा. तेथे ४९५ येते. मोठ्यांना छत्तीसगडचे स्थापनावर्ष २००० द्यावे, चार पावले पुरतात. पुढे २१११ द्यावी. पहिलीच वजाबाकी ०९९९. पुढचे शून्य गाळणाऱ्याच्या हाती ९९९ उणे ९९९, म्हणजे शून्य उरते, आणि ते जपणारा पाचव्या पावलाला ६१७४ वर पोहोचतो.