मॉरिशस : अन्न, किनारा आणि क्रूस

भाद्रपदात गौरी-गणपतीचे दिवस आले की देवरूखच्या आसपासच्या वाड्यांमधून रात्री उशिरापर्यंत मृदंगाचा ठेका ऐकू येतो. मधोमध गाणारे-वाजवणारे बसलेले आणि त्यांच्याभोवती पायात घुंगरू बांधून फेर धरणारे तरुण, हे आपले कोकणातले जाखडी नृत्य. आम्ही अनेक वर्षे ते कौतुकाने पाहत आलो. परंतु हेच नृत्य हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर 'झाकरी' या नावाने आजही गणपतीपुढे नाचले जाते, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते कळल्यावर एक जुनी आठवण टोचू लागली. सेमिनरीत असताना आम्ही मॉरिशसचे प्रेषित धन्यवादित फादर जाक-देझिरे लावाल यांचे चरित्र वाचले होते. त्यातला ऊस, त्यातले गुलाम, त्यातला पोर्ट लुई हे सारे मनात ठसले होते. पण त्याच काळी, त्याच उसाच्या मळ्यांत आपल्या रत्नागिरीचीही माणसे राबत होती, हा विचार मात्र आमच्या मनाला शिवला नव्हता.

प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत मॉरिशस दिसते ते कॅरिबियन बेटांसारखे : निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग, किनाऱ्यावरचे टुमदार चर्च आणि रस्त्याच्या कडेला मिळणारे चमचमीत खाणे. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या बेटावरचे अन्न, किनारा आणि क्रूस या तिन्हींना एक इतिहास आहे, आणि तो मुख्यतः गरिबांचा इतिहास आहे.

प्रथम किनारा पाहू. मॉरिशसवर मुळात मनुष्यवस्ती नव्हती. १६३८ मध्ये डच तेथे राहावयास आले; ऊसही त्यांनीच आणला. डच निघून गेल्यावर १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला. त्यांनी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून मळे आणि बंदर उभारले. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ले मोर्न नावाचा एक उभा, प्रचंड डोंगर आहे. त्याच्या पायथ्याची पुळण आज सहलीसाठी प्रसिद्ध आहे, परंतु एके काळी मालकांपासून पळालेले गुलाम त्या डोंगराच्या कपारींत लपून राहत. गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच येत आहेत असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, असे तेथील लोककथा सांगते. २००८ मध्ये या डोंगराची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली.

बेटाच्या उत्तर टोकाला काप मालेरो, म्हणजे दुर्दैवी भूशिर, नावाचे गाव आहे. १८१० च्या अखेरीस इंग्रजांचे सैन्य याच परिसरात उतरले आणि काही दिवसांतच बेट त्यांच्या हाती गेले. शरणागतीच्या अटींत रहिवाशांचा धर्म, कायदे व चालीरीती यांना अभय देण्यात आले. इंग्रजी राज्यातही तेथे फ्रेंच भाषा व कॅथलिक श्रद्धा टिकून राहिली, त्यामागे हे कारण आहे. आज त्या भूशिरावर साहाय्यकारी मातेचे लाल छपराचे छोटे चर्च उभे आहे. ते १९३८ मध्ये बांधलेले असून बेटाच्या बहुतेक चित्रकार्डांवर तेच झळकते.

किनाऱ्यावरील सर्वांत बोलकी जागा मात्र राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथे गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना मजुरांची चिंता त्याआधीच लागली होती, आणि नोव्हेंबर १८३४ मध्येच 'अॅटलास' नावाच्या जहाजाने छत्तीस हिंदी मजूर तेथे उतरवले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बंदरात आली. बहुसंख्य बिहार व मद्रासकडची होती. मुंबई बंदरातून गेलेले संख्येने थोडे, परंतु त्यांत रत्नागिरी आणि सातारा भागांतील मराठी माणसे होती. करार म्हणजे 'अॅग्रीमेंट', त्याचे झाले 'गिरमिट', आणि तो करणारा गिरमिटिया. मजुरी साधारणपणे महिना पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, त्या सोळा पायऱ्या आप्रवासी घाट म्हणून जपल्या आहेत. २००६ पासून तेही जागतिक वारसास्थळ आहे.

आता अन्नाकडे वळू. गिरमिटियांच्या शिध्यात तांदूळ, डाळ, तूप आणि मीठ असे. आज मॉरिशसचे सर्वांत लाडके खाणे कोणते, असे विचारल्यास कोणीही 'धोल पुरी'च सांगेल. चण्याची डाळ शिजवून, बारीक करून, मैद्याच्या पातळ पोळीत भरलेली, आणि घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी व टोमॅटोचे तिखट कालवण घालून कागदात गुंडाळून दिलेली ही पोळी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी सारेच रस्त्यावर उभे राहून खातात. तिचे मूळ बिहारच्या दालपुरीत आहे. कॅरिबियनमधील त्रिनिदाद बेटावर ३० मे १८४५ रोजी हिंदी मजुरांचे पहिले जहाज लागले. तेथेही आज हीच दालपुरी आवडीने खाल्ली जाते. दोन महासागरांतील ही दोन बेटे, पण ऊस एक, करार एक आणि पोळीही एक! मोहरी, हळद व व्हिनेगर लावून मुरवलेल्या माशांना मॉरिशसमध्ये 'विंदाय' म्हणतात; आपल्या गोव्याच्या विंदालूचे हे नात्यातलेच नाव. मराठी घरांत गणपतीला मोदक होतात.

रत्नागिरीकरांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. १७८२ मध्ये या भागातील फ्रेंच बेटांवरून वेस्ट इंडीजकडे निघालेले एक जहाज इंग्रजांनी पकडले. त्यावर आंब्याची रोपे होती. ती जमैकात लावली गेली. हिंदुस्थानचा आंबा असा हस्ते परहस्ते कॅरिबियनला पोहोचला. त्याला समुद्र ओलांडताना करारावर अंगठा द्यावा लागला नाही, एवढाच फरक!

शेवटी क्रूस. येथे आम्हां धर्मगुरूंना मान खाली घालावी लागते. १७२३ च्या फ्रेंच राजाज्ञेने मालकांनी गुलामांना बाप्तिस्मा द्यावा असे फर्मावले होते; परंतु त्याच आज्ञेने गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ताही ठरवली होती. ज्याच्या मस्तकावर पवित्र पाणी पडले, तोच बाजारात विकला जाऊ शकत होता. गुलामगिरी संपली तरी चर्चमधील पुढची बाके गोऱ्यांचीच राहिली.

अशा वेळी १४ सप्टेंबर १८४१ रोजी फादर लावाल पोर्ट लुईला उतरले. नॉर्मंडीत १८०३ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ आधी डॉक्टर होते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. बेटावर येताच त्यांनी मुक्त गुलामांची क्रेओल बोली शिकून घेतली. त्याच बोलीत सोपी धर्मशिकवण तयार केली, दिवसभराचे काम संपवून येणाऱ्यांना संध्याकाळी शिकवले, रविवारी त्यांच्यासाठी वेगळी मिस्सा ठेवली आणि त्यांच्यातूनच प्रशिक्षित प्रापंचिक मंडळी उभी केली. गोऱ्या समाजाने त्यांची कुचेष्टा केली. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले, तेव्हा अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी ९ सप्टेंबर २०१९ रोजी, लावाल यांच्या स्मृतिदिनीच, पोर्ट लुईत मिस्सा अर्पण केली, तेव्हा लावाल यांनी दास्यमुक्तांची भाषा शिकल्याचाच त्यांनी आवर्जून उल्लेख केला.

सेंत-क्र्वा, म्हणजे पवित्र क्रूस, येथे त्यांची समाधी आहे. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक पायी तेथे येतात. त्यांत हिंदू असतात, मुसलमानही असतात. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. वांद्र्याच्या मोतमाउलीकडे याच सुमारास सर्व धर्मांचे लोक लोटतात, हे वाचकांना सांगावयास नको. त्रिनिदादमध्ये सिपारिया येथील चर्चमधील मातेच्या सावळ्या मूर्तीला तेथील हिंदू 'सिपारी माई' म्हणून फुले वाहतात. परमुलखात एकटे पडलेल्या माणसाला माय कोणत्या धर्माची, हा प्रश्न पडत नसावा.

गिरमिटियांपैकी बहुतेक जण आपापल्या धर्मातच राहिले. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे आज घरी प्रायः क्रेओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात. पूर्वज कोठून आले, हे शोधण्यासाठी ती मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जातात. तेथे गिरमिटियांच्या जुन्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. मळेवाल्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या त्या वह्या आज नातवंडांना आपले गाव सांगतात. बाकीचा इतिहास जिभेने आणि पावलांनी जपला : मोदकाने आणि झाकरीने.

हे सारे लिहिण्याचे कारण इतिहासाची हौस एवढेच नाही. आज रत्नागिरीच्या आंब्याच्या बागांत आणि मासेमारी नौकांवर नेपाळचे मजूर राबतात. कोणे एके काळी आपली माणसे समुद्रापलीकडे जशी होती, तशीच ही आपल्या दारात आहेत. आम्ही लावाल यांचे चरित्र सेमिनरीत वाचले, त्यांच्यावर प्रवचनेही केली. पण बागेच्या राखणीला बसलेल्या त्या माणसाचे नाव आणि गाव आम्ही कधी विचारले का? त्याच्या भाषेतले एक वाक्य तरी शिकलो का? प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. मॉरिशसचे दर्शन घ्यायला तिकीट काढावे लागते. हे काम मात्र उद्या सकाळी चालत जाऊनही करता येईल.