खाऊचा हक्क आणि मूलपणाची मर्यादा

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात पंक्तीला मोठे स्थान आहे. कोण कुणाच्या पंक्तीला बसला यावरून ग्रामण्ये झाली. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेले वादळ तर सर्वश्रुतच आहे. मात्र दोन जेवणांच्या मधल्या वेळी घरातल्या मुलांनी काय खावे, कुणाला विचारून खावे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आमच्या मते या किरकोळ वाटणाऱ्या नियमांत कुटुंबसंस्थेचा एक महत्त्वाचा दस्तऐवज दडलेला आहे.

प्रथम शब्द पाहू. न्याहारी सर्वांची असते. 'फलाहार'पासून आलेला फराळ उपवासाचा असतो, तसाच दिवाळीचाही. 'खाऊ' हा शब्द मात्र मुलांचा. मोठ्या माणसाने खाऊ मागितला तर ती थट्टा ठरते. म्हणजे खाऊ मागता येणे हीच मूल असण्याची खूण झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पांढरपेशा ब्राह्मणी घरात हा हक्क अनेक अटींनी बांधलेला होता. लाडू-वड्यांचे डबे फडताळात, दूधदुभते शिंक्यावर आणि किल्ली घरातल्या कर्त्या बाईच्या कमरेला. स्वतःच्या हाताने घ्यायचे नाही, दिले तेवढेच खायचे, सणाचा पदार्थ नैवेद्याआधी उष्टा करायचा नाही. त्यात सोवळ्याची भर. बाजारातून आणलेले जिन्नसही धुऊन घेण्यापर्यंत गेलेले वडिलांचे सोवळे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये वर्णिले आहे. अशा घरात मुलाच्या अवेळी लागलेल्या भुकेची काय कथा!

तरीही मुलगा हट्ट करू शकत होता आणि माहेरची लेकही. खरा प्रश्न निर्माण होतो तो सुनेपाशी. १८७३ साली रमाबाई रानडे यांचा विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्या काळी हे वय लहान मानले जात नव्हते. एकाच घरात अकरा वर्षांची नणंद आणि अकरा वर्षांची भावजय असू शके. भूक दोघींची सारखीच. पण पहिलीने मागितला तर तो खाऊ आणि दुसरीने मागितला तर तो खादाडपणा. मधल्या वेळच्या खाण्याचा नियम वय पाहत नव्हता, नाते पाहत होता. कुणाला मूल म्हणायचे, हे फडताळापाशी ठरत असे.

भोंडल्याचा अर्थ या संदर्भात अधिक उलगडतो. आश्विनात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली जी गाणी म्हणतात, त्यांत माहेरी जाण्यासाठी सासरच्या एकेकाची परवानगी मागणारी सून वारंवार येते. गाणी संपली की झाकलेली खिरापत ओळखायची आणि वाटून खायची. सासरच्या जाचाची गाणी आणि मुलींच्या हक्काचा खाऊ एकाच रिंगणात यावेत, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही.

अर्थात हे चित्र एका वर्गाचे आहे. कष्टकऱ्यांच्या घरी कुलूप लावण्याजोगे फडताळच नसे. गुरांमागे गेलेले पोर बोरे, चिंचा, करवंदे विनापरवाना खाई. पण तेथेही गुरे हाती आली की मूलपण ओसरू लागे. खाण्यावर बंधन नसले तरी देणारेही कुणी नव्हते.

१९२९च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. त्याची अंमलबजावणी दुबळी राहिली. पण शिक्षण वाढले, विवाह लांबला आणि शाळेच्या डब्याबरोबर मधल्या सुट्टीचे खाणे मुलीच्याही वाट्याला आले. आज घरोघरी नियम आहेत ते साखरेचे, तेलाचे आणि पाकिटांचे. ते शरीराच्या काळजीपोटी आहेत, हे चांगलेच. तरीही पाहुण्यांपुढच्या बशीतली चकली मुलाने उचलली तर कौतुक होते, मुलीने उचलली तर डोळे वटारले जातात, असे घर आपल्या पाहण्यात नाही, असे किती वाचक छातीवर हात ठेवून सांगू शकतील?